सयाजी-सानचा रविवार

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. कधीकाळी वीज पुरेना म्हणून वार वाटून दिले होते म्हणतात. पुढे वीज आली, वार मात्र तसेच राहिले. त्यामुळे रविवार म्हणजे काय चीज असते हे इकडच्या कामगाराला नीट ठाऊकच नसतं. पोरं घरी असतात, बायको निवांत उठते, शेजारचा बँकवाला दुपारपर्यंत अर्ध्या चड्डीत फिरतो, आणि हा आपला डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो. सयाजी ढग्याला तर ती पोरंही नव्हती आणि बायकोही नव्हती, त्यामुळे रविवार काय आणि मंगळवार काय, त्याला दोन्ही सारखेच होते. त्याच्या आयुष्यात रविवार आणला तो जपानी भाषेने.

सयाजी मूळचा परभणीकडचा. आयटीआय केलं, गावातल्या एकाच्या ओळखीने इकडे आला आणि चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर लागला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तिथे तो वर्षानुवर्षं कंत्राटावरच राहिला. लग्नाची बोलणी व्हायची तेव्हा मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, "पर्मनंट आहे का?" नव्हता. मग एकदाचा पर्मनंट झाला, तोवर कानशिलावरचे केस पांढरे झाले होते आणि मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न बदलून "वय काय?" असा झाला होता. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले. आई-वडील गेले, गावी भाऊ आहे, तो दिवाळीला फोन करतो आणि फोन ठेवताना "येत जा की गावाकडं" म्हणतो. दोघांनाही माहीत असतं की ते म्हणायचं म्हणून म्हटलेलं आहे.

आकुर्डीच्या गावठाणात एका खोलीत चौघं मिळून राहायचे, तेव्हापासून सयाजी तिथेच आहे. बाकीचे तिघं एकेक करून लग्न करून निघून गेले, कुणी मोशीला फ्लॅट घेतला, कुणी चिखलीला. प्रत्येकाच्या वास्तुशांतीला सयाजीला आग्रहाचं बोलावणं होतं. आदल्या दिवशी सिलेंडर आणि कपाट वर चढवायलाही होतं. जेवून परत आला की खोली आणखी एका माणसाने मोठी झालेली असायची. शेवटी ती इतकी मोठी झाली की सयाजी रेडिओ लावून झोपायला लागला.

कंपनीत मात्र त्याच्यासारखा लाडका माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचं कारण दुसरी शिफ्ट. दुसरी शिफ्ट म्हणजे संसारी माणसाची वैरीण. दुपारी जायचं, घरी यावं तेव्हा पोरं झोपलेली. सगळे तिच्या नावाने खडे फोडायचे. सयाजीला संध्याकाळी घरी कुणी वाट बघत नव्हतं, म्हणून ज्याला नको असेल त्याची दुसरी शिफ्ट हा घ्यायचा. "सयाजीभाऊ, पोरीचा वाढदिवस आहे." "जा की." "सयाजीभाऊ, सासरे आलेत." "जा की लेका, मी हाय." असं करता करता तो कायमचाच दुसऱ्या शिफ्टचा झाला. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. देवाला कुणी घरी जेवायला बोलावत नाही, हा भाग वेगळा.

मग कंपनीत जपानी भागीदार आले. नोटीस लागली की जपानी भाषेची परीक्षा पास होणाऱ्यांचा पुढे विचार केला जाईल. कसला विचार ते नोटिशीत नव्हतं, आणि कंपनीच्या नोटिशींची भाषा जपानीपेक्षा अवघड असते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. सयाजीनेही घेतलं नसतं. पण एका गुरुवारी तो चिंचवड स्टेशनच्या बाजूला चप्पल शिवून घ्यायला गेला असताना पिठाच्या गिरणीच्या वर त्याला पाटी दिसली, 'जपानी शिका, रविवारी सकाळी'. रविवारची सकाळ मोकळीच होती. चप्पल शिवून होईपर्यंत वर जाऊन विचारावं म्हणून तो जिना चढला.

वर उद्धवराव राहायचे. एका मोठ्या कंपनीतून दुभाष्या म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी परदेशात. बाहेरच्या खोलीत फळा, चार बाकं आणि गिरणीची घरघर. त्यांनी विचारलं, "नाव?" सयाजीने सांगितलं. उद्धवराव म्हणाले, "या, सयाजी-सान. बसा." 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'जी', त्यात विशेष काही नाही, जपानात ते सगळ्यांनाच लावतात. पण कंपनीत कुणाचं काम अडलेलं नसलं की साया, खोलीमालकाकडे ढगे, भावाकडे नुसतं "हॅलो, हां" अशी सवय झालेल्या माणसाला आपलं पूर्ण नाव आणि त्यापुढे मान, असं एकदम मिळालं की तो जरा गडबडतो. सयाजी गडबडला आणि बसला. चप्पल त्याने पुढच्या गुरुवारी आणली.

वर्गात आणखी तिघं होती. ज्ञानेश, आकुर्डीचाच, डिप्लोमा झालेला, तोंडाचा पट्टा सदा सुरू. संस्कृती, कॉलेजात जाणारी, सगळी चित्रं काढत शिकणारी. आणि स्वरूपा, मूळची धुळ्याची, हिंजवडीच्या आयटी कंपनीत नोकरी आणि मारुंजीत भाड्याने खोली. तिघंही सयाजीपेक्षा कितीतरी लहान, पण वर्गात सगळेच 'सान', आणि उद्धवराव 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी. धडा संपला की खालच्या हातगाडीवर पोहे आणि चहा, मग ज्ञानेशची बडबड, मग सयाजी दुसऱ्या शिफ्टची बस पकडायला आकुर्डीला पळणार. एवढाच तो रविवार, पण आठवड्याचे बाकीचे दिवस त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले.

सयाजी अभ्यासात हुशार नव्हता, चिवट होता. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या जपानी नावाची चिठ्ठी लावली. दारावर दार, खिडकीवर खिडकी, स्टोव्हवर स्टोव्ह. पुस्तकातले संवाद पाठ करायचे तर दोन माणसं लागतात. हा दोन्ही बाजूंनी बोलायचा, एका बाजूला कॉटवर बसून आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर. पुस्तकातली माणसं फार सुखी होती. ती कायम कुणाबरोबर तरी सिनेमाला नाहीतर डोंगरावर गेलेली असायची. एकदा उद्धवरावांनी वर्गात जपानीत विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय केलं?" सयाजी पुस्तकातलं म्हणाला, "मित्राबरोबर सिनेमा बघितला." उद्धवराव म्हणाले, "छान. आता खरं सांगा." सयाजीने बराच वेळ शब्द जुळवले आणि म्हणाला, "कपडे धुतले. भात केला. भात खाल्ला." सगळे हसले, तोही हसला. स्वरूपा मात्र पुढच्या रविवारी डब्यात पराठे घेऊन आली, दोघांपुरते.

या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यात खालची एन-फाइव्ह, सगळ्यात वरची एन-वन. जगभर एकाच दिवशी होते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. चौघांनी मिळून एन-फाइव्ह दिली आणि चौघंही पास झाले. त्या दिवशी वर्गात पेढे आले आणि सयाजीने आयुष्यात पहिल्यांदा सर्टिफिकेटाला फ्रेम केली. आता एन-फोरची पाळी होती. उद्धवरावांचा नियम साधा होता. जो पास होईल तो पुढच्या वर्गात, जो नापास होईल तो नव्या पोरांच्या बॅचमध्ये पुन्हा पहिल्यापासून. नियम सगळ्यांना मान्य होता, कारण नापास होणारे आपण नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. सयाजीची ती खात्री नव्हती. त्याला एन-फोर नोकरीसाठी नको होती की जपानला जाण्यासाठी नको होती. त्याला ती त्या बाकावर बसून राहण्यासाठी हवी होती. ज्ञानेश, संस्कृती आणि स्वरूपा पुढे गेली आणि आपण मागे राहिलो, तर रविवार पुन्हा मंगळवारासारखा होईल, ही एकच भीती घेऊन तो पावसाळ्यापासून थंडीपर्यंत अभ्यास करत होता. मशिनवर हात चालू असायचे आणि ओठांतल्या ओठांत क्रियापदं. सुपरवायझरला वाटलं, माणूस देवाधर्माला लागला.

डिसेंबर आला. उद्धवरावांनी सगळ्यांना बजावलं, "हॉलमध्ये फोन वाजला की लाल कार्ड. फुटबॉलसारखं. त्या क्षणी परीक्षा संपली, आधीचे पेपरही गेले, निकालच येत नाही. मी काय म्हणतोय कळलं ना?" सयाजीला इतकं कळलं की त्याची झोप उडाली. त्याच्याकडे दोन फोन होते. एक स्मार्टफोन, आणि एक साधा, बटणांचा. त्यांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, तो गेटवर जमा करावा लागतो. म्हणून निम्म्या कामगारांच्या खिशात बटणांचं डबडं असतंच. सयाजीने विचार केला, स्मार्टफोनचं काही सांगता येत नाही, तो आपणहून बोलतो, आपणहून चालू होतो. तो त्याने घरीच ठेवला. बरोबर घेतलं ते डबडं, तेही फक्त चौघांची चुकामूक झाली तर असावं म्हणून. हॉलबाहेर ते बंद केलं, बंद झाल्याची खात्री केली, रुमालात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि पिशवी सांगितल्याप्रमाणे फळ्याखाली नेऊन ठेवली. ताक एवढं फुंकून पिणारा माणूस त्या दिवशी पुण्यात दुसरा नसेल.

शब्दांचा पेपर चांगला गेला. वाचनाचा त्याहून चांगला गेला. एका उताऱ्यात एक माणूस पावसात छत्री विसरून येतो आणि अनोळखी बाई त्याला छत्री देते, असं काहीतरी होतं. सयाजीला ते पूर्ण कळलं, आणि कळलं म्हणून आणखी आवडलं. मधल्या सुट्टीत त्याने मागे वळून पाहिलं. स्वरूपाचा नंबर त्याच हॉलमध्ये, मागच्या रांगेत आला होता. ज्ञानेश आणि संस्कृती दुसऱ्या हॉलमध्ये होते. स्वरूपाने अंगठा दाखवला. यानेही दाखवला. आता फक्त ऐकण्याचा भाग राहिला होता.

ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. एक बाई आणि एक पुरुष बोलत होते, उद्या कुठे भेटायचं ते ठरवत होते. पुरुष म्हणाला, स्टेशनसमोर गर्दी असते. बाई म्हणाली, मग असं करू या का... आणि फळ्याखालून कोंबडा आरवला.

साध्या फोनचा कोंबडा. ज्याच्याकडे कधी असा फोन होता त्याला सांगायला नको, तो बंद केला तरी त्यातला गजर बंद होत नाही. वेळ झाली की स्वतःच जागा होतो आणि आरवतो. सयाजीला हे ठाऊक नव्हतं, कारण त्याने तो फोन आजवर कधी बंदच केला नव्हता. बंद कशासाठी करायचा? गजर होता दुसऱ्या शिफ्टच्या बसचा. रजा त्याने टाकली होती, सुपरवायझरला सांगितलं होतं, बदली माणूसही दिला होता. कोंबड्याला कुणी सांगितलं नव्हतं. बँकेतल्या नाहीतर आयटीतल्या माणसाचा गजर रविवारी गप्प असतो. ज्याची सुट्टी गुरुवारची, त्याचाच रविवारी वाजतो.

पिशव्या पुष्कळ होत्या. सयाजी गप्प बसला असता तर शोधाशोध झाली असती, कदाचित कोंबडा दमून थांबलाही असता. पण पुढचे शब्द बुडत होते, तीस-चाळीस माणसं माना खाली घालून ऐकायची धडपड करत होती, आणि त्यात स्वरूपा होती. सयाजी उठला, धावत गेला, रुमाल सोडला आणि फोनचा गळा दाबला. ध्वनिफीत पुढच्या प्रश्नावर गेली होती. पर्यवेक्षक मुलगी त्याच्यापाशी आली. तिच्या हातात लाल कार्ड होतं. नियम नियमच होता, तिचा काही दोष नव्हता. पिशवी उचलताना त्याने एकदाच मागे बघितलं. स्वरूपा त्याच्याकडेच बघत होती.

बाहेर कॉलेजच्या फाटकाशी कडुलिंबाखाली तो उभा राहिला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते आलं नाही. त्याला फक्त लाज वाटत होती, आणि भूक लागली होती, आणि भूक लागल्याची आणखी लाज वाटत होती. निघून जावं असं वाटलं, पण चौघांनी बरोबर परत जायचं ठरलं होतं. थोड्या वेळाने घोळका बाहेर पडला. ज्ञानेश लांबूनच ओरडला, "काय राव सयाजीभाऊ, कसा गेला?"

"बरा गेला की," सयाजी म्हणाला.

हे खोटं कसं निघालं ते त्याला कळलं नाही. त्याने स्वरूपाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊ या. मला भयंकर भूक लागली आहे."

तिने त्याला सांभाळून घेतलं होतं. मिसळ खाल्ली, सयाजी हात धुवायला गेला, मोरीशी बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत आला तर तिघं जरा जास्तच शांत वाटली. दमली असतील, असं त्याला वाटलं. शिवाजीनगरहून लोकलने परत येताना ज्ञानेशने परीक्षेबद्दल अवाक्षर काढलं नाही, क्रिकेटवर बोलत राहिला.

परीक्षेचा निकाल जानेवारीच्या शेवटी लागतो. तोवर कुणाला थांबवायला नको म्हणून उद्धवराव पुढच्या पायरीचा वर्ग लगेच सुरू करतात. सयाजी पहिल्या रविवारी गेला नाही असं नाही. तो गेला. जिन्यात थांबला, खाली उतरला, पुन्हा चढला. सांगून टाकावं असं ठरवूनच आत गेला होता. पण उद्धवराव म्हणाले, "या सयाजी-सान, उशीर केलात," आणि स्वरूपाने बाकावरची आपली पिशवी सरकवून जागा केली. तो बसला आणि सांगायचं राहून गेलं.

मग ते राहतच गेलं. आणि त्यातून एक विचित्र गोष्ट झाली. सयाजीला बरं वाटायला लागलं. त्याचं असं होतं की या माणसाबद्दल जगात कुणाला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्यासारखं काही नव्हतंही, आणि असतं तरी ते जपून ठेवायला कुणी नव्हतं. आता होतं. एका माणसाला त्याची एक गोष्ट ठाऊक होती आणि ते माणूस ती कुणालाही न सांगता जवळ ठेवून बसलं होतं. कुणी याला प्रेमबिम म्हणेल. ते तसलं काही नव्हतं, स्वरूपा त्याच्या पुतणीच्या वयाची होती आणि तिचं लग्न ठरत आलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात, आणि सयाजीला पहिल्यांदाच वाटत होतं की आपली मूठ झाकायला दुसऱ्या कुणाचा हात आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कोवळं ऊन लागावं तसं त्याला ते लागत होतं.

सगळेच त्याच्याशी चांगले वागत होते, हेही त्याच्या लक्षात आलं. उद्धवराव त्याला अवघड प्रश्न विचारत नव्हते. ज्ञानेश, जो एरवी सगळ्यांच्या मार्कांचा हिशेब ठेवायचा, तो निकालाचं नावही काढत नव्हता. पोह्यांचे पैसे कुणी याला देऊ देईना. संक्रांतीला सयाजीने खोलीवर तिळाचे लाडू केले, गावी आई करायची ते आठवून. पाक जास्त झाला आणि लाडू असे झाले की मशिनवर बेअरिंग म्हणून चालले असते. तरी तो डबा भरून घेऊन गेला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." संस्कृतीने एक तोंडात धरला आणि "वा" म्हणाली. ज्ञानेशने दोन घेतले. उद्धवरावांना कवळी होती, तरी त्यांनी गालात धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "सयाजी-सान, सुरेख." सयाजी त्या दिवशी बसमध्ये एकटाच हसत होता. शेजारच्याने विचारलं, "काय भाऊ, लॉटरी लागली का?" "लाडू केलते," सयाजी म्हणाला.

निकाल लागला. त्यानंतरच्या रविवारी वर्गात काय बोलायचं ते सयाजीने पुष्कळदा घोकलं होतं, कॉटवरूनही आणि खुर्चीवरूनही. कुणी विचारलं, "तुमचं काय झालं?" तर म्हणायचं, "थोडक्यात गेलं. ऐकण्यात गेलं." त्यात खोटं फार नव्हतं. मग स्वरूपा त्याच्याकडे बघेल, तो तिच्याकडे बघेल, आणि तेवढं पुरे होतं. तेवढ्यावर तो नव्या पोरांच्या बॅचमध्येही बसला असता. तो खाली उतरत असेल, ती वर येत असेल, जिन्यात भेटेल, "काय सयाजी-सान" म्हणेल. माणसाला आणखी काय लागतं?

तो गेला तेव्हा पेढे वाटणं चालू होतं. तिघंही पास झाले होते. ज्ञानेशच्या आईने मोठा खोका पाठवला होता. सयाजीने सगळ्यांचं अभिनंदन केलं, जपानीत केलं, बरोबर केलं. पेढा घेतला आणि वाट बघत बसला. कुणी विचारलंच नाही. उद्धवरावांनी सगळ्यांचे गुण फळ्यावर लिहिले, तीन नावं, आणि खडू ठेवून हात झटकले. कुणाला चौथं नाव आठवल्याचं दिसलं नाही. सयाजीने पेढा संपवला. तरी कुणी विचारलं नाही. मग त्याला वाटलं, आपणच सांगावं, आणि तो घसा खाकरून म्हणाला, "माझं जरा..."

"असू द्या हो सयाजीभाऊ!" ज्ञानेश पेढ्याने भरलेल्या तोंडाने म्हणाला. "जुलैला काढू आपण. फक्त तो कोंबडा घरी कोंडून या म्हणजे झालं!"

संस्कृती फस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. उद्धवराव "ज्ञानेश!" म्हणाले. सयाजी हसला. अशा वेळी हसायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "कोंबडं हाय ते, त्याला काय कळतंय," आणि सगळे मोकळेपणाने हसले. फक्त स्वरूपा हसली नाही. उद्धवराव घाईघाईने म्हणाले, "नवी बॅच सकाळी आठची आहे, सयाजी-सान. तुम्हाला तर उलट सोयीचं. शिफ्टला निवांत जाता येईल." सयाजी "हां, सोयीचंच हाय की," म्हणाला, पिशवी उचलली आणि बसची वेळ झाल्याचं सांगून निघाला. बसला अजून पुष्कळ वेळ होता, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

स्वरूपा त्याच्या मागोमाग जिन्यात आली. तिच्या हातात पेढ्यांचा खोका तसाच राहिला होता.

"सयाजी-सान, थांबा ना. तुम्ही रागावलात का? मला त्या दिवशी सांगायचं नव्हतं, खरंच. तुम्ही हात धुवायला गेलात आणि ज्ञानेश विचारायला लागला, हे आपल्या आधी बाहेर कसे आले म्हणून. मला पटकन खोटं सुचलं नाही. मग मी सगळ्यांना शपथ घातली की तुमच्यासमोर विषय काढायचा नाही."

"त्याच दिवशी?" सयाजीने विचारलं.

"हो, तिथेच. सेन्सेईंना पण आम्ही संध्याकाळीच फोन केला. ते म्हणाले, काही बोलू नका, निकालापर्यंत बसू द्या त्यांना आपल्यात. रविवारी त्यांना दुसरं असतं काय." ती बोलून गेली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला वाईट वाटू नये एवढंच होतं हो सगळ्यांच्या मनात."

सयाजी तिच्याकडे बघत होता. त्या एका क्षणात त्याला सगळा डिसेंबर आणि सगळा जानेवारी दिसला. क्रिकेटची बडबड, सोपे प्रश्न, पोह्यांचे पैसे, उद्धवरावांच्या गालातला लाडू. सगळ्यांनी ठरवून त्याच्याशी चांगलं वागायचं काम केलं होतं, वाटून घेऊन, न चुकता. कुणी त्याचं वाईट केलं नव्हतं. रागवावं असं एकही माणूस त्यात नव्हतं, आणि रागावता आलं असतं तर त्याला फार आधार झाला असता. इतके आठवडे ज्या एका गोष्टीवर तो जगला होता ती तिथे कधी नव्हतीच.

पण समोर पोरगी रडत होती, आणि आज तिचा पेढे वाटायचा दिवस होता.

"येडी का काय तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलत होता. "मला ठावं होतं की सगळं. पयल्या दिवसापासून."

"खरंच?"

"मग? मिसळीच्या हॉटेलातच कळलं होतं. तुमची तोंडं बघून. म्हटलं, पोरं एवढं करायलीत तर करू द्यावं."

स्वरूपाने डोळे पुसले आणि मोठा श्वास सोडला. "हुश्श. मला इतके दिवस नुसतं खात होतं ते. बरं झालं तुम्हाला माहीत होतं. म्हणजे काही प्रश्नच नाही ना?"

"काय प्रश्न नाही," सयाजी म्हणाला.

ती हसली, अगदी मोकळी हसली. तिने त्याच्या हातात आणखी एक पेढा ठेवला. तेवढ्यात वरून फोटोसाठी हाक आली. हाक स्वरूपाच्या नावाची होती. "आले, आले," म्हणत ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.